खाड्याचा हिशेब



आमच्या गावाचे नाव साखरा. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास चेष्टा करतो, ‘साखऱ्याची माणसं तुम्ही, तुमच्या चहात साखर कशाला टाकावी लागते?’ आम्हीही हसतो. पण आता या चेष्टेवर हसताना मनात थोडे चरकते. कारण गल्लीत दर चार-सहा घरांमागे कुणाच्या तरी उशाशी साखरेच्या गोळ्यांची पाकिटे दिसू लागली आहेत.

साखरेच्या आजाराबद्दल आपल्या कानावर दोनच गोष्टी येतात. एक, गोड खाऊ नका. दुसरी, दुर्लक्ष केले तर जीव जाईल. दोन्ही खऱ्या आहेत. पण या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हा आजार जीव घ्यायच्या आधी काम घेतो. हातपाय चालायची, डोळ्यांनी नीट दिसायची, कमवायची जी वर्षे असतात, त्यातली वर्षे तो कुरतडतो. ज्यांचे पोट रोजावर चालते त्यांच्यासाठी ही गोष्ट सर्वांत आधी कळायला हवी. म्हणून आज आम्ही त्याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच सांगतो आहोत. वय पंचेचाळीसच्या आसपास. खुरपणीच्या टोळीच्या त्या म्होरक्या. कुणी किती दिवस आले, कुणाचा खाडा पडला, हे सगळे त्यांच्या वहीत. अंगाने बारीक, चालायला चपळ. ‘मला काय धाड भरली?’ हे त्यांचे आवडते वाक्य.

माघ महिन्यात त्या तूर काढलेल्या रानातून चालत आल्या. सांजच्याला घरी पाय धुताना पाहिले तर चप्पल रक्ताने चिकट झालेली. धसकट तळव्यात घुसले होते आणि त्यांना समजलेच नव्हते. दुखलेच नाही, म्हणून त्यांनी हळद दाबली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. आठ दिवसांनी पाय सुजला, ताप आला. दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा साखर तीनशेच्या वर. ती किती वर्षांपासून वाढलेली होती कोण जाणे, कारण त्याआधी त्यांनी कधी तपासलीच नव्हती. शेवटी पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढावे लागले.

हळद काढणीचा हंगाम, म्हणजे आपल्याकडे चार पैसे बरे मिळायचे दिवस, तो सगळा त्यांनी खाटेवर काढला. दहावीतली मुलगी भाकऱ्या थापून परीक्षेला गेली. ज्या वहीत दुसऱ्यांचे खाडे मांडले जायचे, त्या वहीत त्यांच्याच नावापुढे खाड्यांची रांग लागली.

आता हे होते कसे, ते समजून घेऊ.

शेताला पाणी देताना आपण दारे धरतो. पाटाने पाणी येते, आपण खोऱ्याने एकेका वाफ्याचे तोंड उघडतो, वाफा भरला की बंद करून पुढचे उघडतो. आपल्या शरीरातही असेच आहे. खाल्लेल्या अन्नाची साखर होते आणि ती रक्ताच्या पाटातून वाहते. शरीरातल्या पेशी म्हणजे वाफे. त्यांची तोंडे उघडायचे काम इन्सुलिन नावाचा रस करतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते, तिथे तो तयार होतो. हा दारे धरणारा गडी कमी पडला, किंवा वाफ्यांची तोंडेच घट्ट झाली, तर काय होईल? पाट तुडुंब आणि वाफे कोरडे. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. म्हणूनच साखरेच्या माणसाला पोटभर जेवूनही गळून गेल्यासारखे वाटते.

पाट सतत तुडुंब वाहिला की काठ ढासळतात. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. सर्वांत बारीक वाहिन्या डोळ्याच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात असतात. सर्वांत लांब नसा पायापर्यंत जातात. म्हणून हा आजार डोळे, मूत्रपिंड आणि पाय धरतो. पायाच्या नसा बधिर झाल्या की काटा, धसकट, चटका, काहीच कळत नाही. रक्त कमी पोचते म्हणून जखम भरत नाही. आणि साखरेच्या रक्तात जंतू लवकर वाढतात. मावशींच्या पायाचे हेच झाले. दुखले नाही म्हणून त्या निश्चिंत राहिल्या. खरे तर दुखले नाही, हीच घाबरायची गोष्ट होती.

काही जणी म्हणतील, ‘साखर हा बसून खाणाऱ्या जाड्या माणसांचा रोग. आम्ही तर दिवसभर वाकून राबतो.’ हा समज आपल्याला फार महागात पडतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर आयुष्यभर काम केले आहे. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधल्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तपासणी छापली. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात सुमारे ९ टक्के आणि याज्ञिक यांच्यात सुमारे २१ टक्के. बाहेरून दोघे सारखेच सडपातळ, आत मात्र दुपटीहून जास्त फरक. ही चरबी पोटाच्या आतल्या बाजूला साठली की वाफ्यांची तोंडे घट्ट करते. म्हणून आपल्याकडे काडीसारख्या माणसालाही साखर होते.

याची सुरुवात आईच्या पोटात होते, हेही त्याच डॉक्टरांच्या कामातून पुढे आले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी २.७ किलोच्या आसपास. स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणजे आईच्या ताटातली कमतरता लेकरू जन्मभर अंगावर वागवते. सासूबाईंनी ऐकावी अशी ही गोष्ट आहे.

शेतातल्या कामाने फायदा होतो, यात शंका नाही. पण आपले काम हंगामी. खुरपणी, सोयाबीन, कापूस, हळद संपली की उन्हाळ्यात बसणे वाढते. आणि जेवणही पूर्वीचे राहिले नाही. रेशनचा भात आणि गव्हाच्या पोळ्या वाढल्या, डाळ आणि पालेभाजी घटली, आणि बांधावर चहा मात्र चार-चार वेळा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशभर केलेल्या मोठ्या पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. शहरात शंभरात सुमारे १६, खेड्यात सुमारे ९. ‘चला, खेडे बरे,’ असे म्हणू नका. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले किती, हेही त्यांनी मोजले. शहरातही शंभरात १५ आणि खेड्यातही शंभरात १५. उंबरठ्यावर खेडे शहराच्या बरोबरीने उभे आहे.

आता कामाच्या वर्षांकडे येऊ.

फ्रान्समध्ये वीज आणि गॅस कंपनीच्या सुमारे वीस हजार कामगारांवर १९८९ पासून लक्ष ठेवले गेले. त्यांच्यातल्या मधुमेह असलेल्यांची तुलना मधुमेह नसलेल्या सोबत्यांशी केली, तेव्हा असे दिसले की वयाच्या ३५ ते ६० या काळात मधुमेह असलेल्या कामगाराचे सरासरी एक वर्षाहून थोडे जास्त काम बुडाले. कुणी अपंगत्वामुळे काम सोडले, कुणी लवकर निवृत्त झाले, कुणी दगावले.

एक वर्ष म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण ती माणसे कोण होती ते पाहा. कायम नोकरी, आजारपणाची पगारी रजा, कंपनीचा डॉक्टर, म्हातारपणी निवृत्तिवेतन. इतके सगळे असूनही सरासरी वर्ष बुडाले. आपल्या बाईला यातले काय आहे? तिला निवृत्ती नाही, रजा नाही. अंगात बळ आहे तोवर रोज, आणि रोज आहे तोवर चूल. तिचे शरीर हेच तिचे निवृत्तिवेतन. त्यात आपल्याकडे हा आजार ऐन कमावत्या वयात, तिशी-चाळिशीतच गाठतो. जितक्या लहान वयात साखर जडते, तितकी जास्त वर्षे ती अंगात राहून नुकसान करते.

हे ऐकून हातपाय गाळायचे कारण नाही. उलट, लवकर सापडलेली साखर ताब्यात ठेवता येते. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. नुकताच मधुमेह समजलेल्या पाच हजारांहून जास्त लोकांचा. १९९८ मध्ये निकाल आले. ज्यांची साखर सुरुवातीपासून काटेकोर ताब्यात ठेवली, त्यांच्यात डोळे-मूत्रपिंडासारखे बारीक वाहिन्यांचे त्रास एक चतुर्थांशाने कमी. पुढे दहा वर्षांनी पुन्हा पाहिले, तेव्हा दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती, तरी सुरुवातीला काळजी घेतलेल्यांचा फायदा टिकून होता. पेरणीच्या वेळी घातलेले खत जसे पुढे कणसात दिसते, तसेच हे.

मग आपण तपासायला का जात नाही? कारण एकच. दिवस मोडतो. तालुक्याला किंवा हिंगोलीला जायचे म्हणजे रोज बुडाला, वर गाडीभाडे. म्हणून आम्ही मावशींच्या वहीत बसून एक हिशेब मांडला. तुम्हीही मांडून पाहा.

साखर झालेल्या बाईने दर तीन महिन्यांनी तपासणी केली, तर वर्षाला चार खाडे. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि मूत्रपिंडाची तपासणी, धरा आणखी एक. एकूण पाच.

पायाला जखम झाली आणि दीड महिना मलमपट्टी करावी लागली, तर पंचेचाळीस खाडे. बोट काढावे लागले तर हंगामच गेला.

मूत्रपिंडे निकामी झाली तर रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. जाणे-येणे धरून पूर्ण दिवस. आठवड्याला दोन धरले तर वर्षाला १०४ खाडे, तीन धरले तर १५६. शिवाय सोबत येणाऱ्या माणसाचे तितकेच. सरकारी योजनेतून उपचार मोफत झाला, तरी बुडालेला रोज कोण भरून देणार?

पाच खाडे वाचवायला गेलो की दीडशे खाडे दारात उभे राहतात. एवढाच हिशेब आहे.

आता करायचे काय, ते सांगतो.

तिशी ओलांडली की साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचा, काही होत नसले तरी. कारण ही साखर अनेक वर्षे गुपचूप बसते. फार तहान, रात्री वारंवार लघवीला उठणे, अंगावरून खाज, जखम न भरणे, वजन उतरणे ही लक्षणे उशिरा येतात. शेतात आडोसा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो आणि लघवी दाबतो, त्यामुळे ती लक्षणेही झाकली जातात. आपल्या आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. वय, कमरेचा घेर, तंबाखू, घरात कुणाला साखर आहे का, असे विचारतात. ते टाळू नका, खरे सांगा. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचे. उपकेंद्रात बोटाला टोचून साखर बघतात, पैसे लागत नाहीत. आणि तपासणीला घरातला पुरुष जाऊन आला म्हणजे घराची तपासणी झाली असे नव्हे.

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. लक्षणे नसतील तर डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, एचबीएवनसी नावाची. ती ६.५ किंवा जास्त आली तर मधुमेह. उंबरठ्यावर सापडलात तर नशीब समजा. वजन थोडे उतरवले, रोज चालणे ठेवले, ताट बदलले, तर कित्येक जणी उंबरठ्यावरून मागे फिरू शकतात.

गरोदर लेकी-सुनांची साखर दोनदा तपासायला हवी. पहिल्या भेटीत एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात एकदा. बाळंतपणात वाढलेली साखर पुढे उतरते, पण त्या बाईला नंतर मधुमेह होण्याचा धोका बराच असतो. तिने दरवर्षी तपासले पाहिजे.

ताटाचे सोपे आहे. अर्धे ताट भाजी आणि कच्चे, म्हणजे काकडी, मुळा, टोमॅटो. पाव ताट डाळ, उसळ, मटकी, अंडे. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. ज्वारीची भाकरी चांगली, पण ज्वारीची आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आणि गुळाचा चहा म्हणजे औषध नव्हे. गूळही साखरच.

गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. साखर ताब्यात आली ती गोळीमुळे. गोळी सोडली की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा वर. कुणी पावडर देतो, कुणी काढा देतो, ‘मुळापासून बरा करतो’ म्हणतो. त्याच्या नादी लागून सरकारी दवाखान्यातली फुकटची गोळी टाकू नका.

उपवासाचे मात्र जपायला हवे. एकादशी, चतुर्थी, नवरात्र, आपले उपवास पुष्कळ. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन उपाशी रानात गेले की साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे बरळल्यासारखे होते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचे आणि मग भाकर खायला घालायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी करा. म्हणून चहातली साखर सोडली तरी ओटीत साखरेची पुडी ठेवा. आणि उपवासाआधी नर्सताईंना किंवा डॉक्टरांना गोळीचे विचारा. साबुदाण्याचा उपवास तर साखर उलट वाढवतो.

शेवटचे, पाय. रात्री झोपताना दोन्ही तळवे दिव्याखाली पाहायचे. स्वतःला दिसत नसेल तर लेकराला पाहायला सांगायचे. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, भेगांना तेल लावायचे. अनवाणी रानात जायचे नाही, बंद बूट घालायचे आणि घालण्याआधी झटकून घ्यायचे. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. पाय शेकायला गरम वीट किंवा कढत पाणी नको, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. मिश्री आणि तंबाखू सोडलेली बरी, रक्तवाहिन्यांना तोच दुसरा शत्रू. जखम लहान असली तरी हळद दाबून वाट बघायची नाही. आपली हळद आम्हाला प्रिय आहे, पण बधिर पायाच्या जखमेला आधी डॉक्टर.

हे सगळे बाईने एकटीने करायचे नाही. तपासणीच्या दिवशी भाकऱ्या कोण थापणार, म्हैस कोण बघणार, हे घराने आदल्या रात्री ठरवावे. आई खाटेवर पडली की पहिला खाडा मुलीच्या शाळेचा पडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मावशी आता पुन्हा कामावर जातात. पूर्वीसारखे दिवसभर वाकणे होत नाही, पण टोळी त्यांचीच आहे. पायात बंद बूट असतात आणि दुपारी जेवायच्या आधी त्या बूट काढून तळवे बघतात. पोरी आधी हसायच्या, आता त्याही बघतात. परवा आम्ही त्यांची वही चाळली. यंदा त्यांच्या नावापुढे चार खाडे आहेत. चारही तपासणीचे.

तुमच्या टोळीत, तुमच्या बचत गटात हा हिशेब एकदा मांडून बघा. पुढच्या आठवड्यात आपण रक्तदाबाबद्दल बोलू. तोवर नमस्कार.